आठवी ब कंपनीचा रेडिओ

आमच्या मोठ्या बाईंना भुवई एकच होती. दुसरी त्या रोज सकाळी काजळानं काढत, आणि घाईच्या दिवशी ती जरा वर चढलेली असे. त्यामुळे सोमवारी बाई प्रार्थनेला उभ्या राहिल्या की त्या आपल्यावरच संशय घेत आहेत असं निम्म्या शाळेला वाटायचं. खरी भुवई स्टोव्हनं नेली होती. तो बिघडला होता अशातला भाग नाही, चांगला भडभडत होता. पण पंप मारल्यावर आत नेमकं काय होतं हे बघायला बाईंनी तो पेटता असतानाच उघडायला घेतला. गावात ही गोष्ट बाईंच्या डोक्यात फरक आहे याचा पुरावा म्हणून सांगत. बाई स्वतः सांगत तेव्हा शेवटी एवढंच म्हणत, "भुवई गेली, पण समजलं."

ही शेगावातली गोष्ट. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं, आणि आमची मुलींची शाळा राज्यापेक्षा थोडीशीच जुनी. गुरुवारी देवळाकडे जाणाऱ्या लोकांच्या गर्दीतून वाट काढत आम्ही शाळेत पोचायचो. बाई मूळच्या घाटावरच्या, मेहकरकडच्या. आम्ही सगळ्या घाटाखालच्या. घाटावरची माणसं हट्टी असतात असं आमच्याकडे म्हणतात. आमच्याबद्दल ते काय म्हणतात ते इथं सांगायची गरज नाही. बाई नागपूरला विज्ञानाची पदवी घेऊन आल्या होत्या. इन्स्पेक्टर आले की त्यांच्याशी अशी शुद्ध भाषा बोलत की तो बिचारा आपलं व्याकरण तपासत बसे. त्याची पाठ वळली की आमच्याकडे बघून म्हणत, "गेला वं बाप्पा. आता आपल्या भाषेत शिका."

कमरेला, जिथं इतर बायका किल्ल्यांचा जुडगा खोचतात, तिथं बाई पेचकस खोचत. शाळेतली एकही वस्तू त्यांनी उघडायची ठेवली नव्हती. भिंतीवरचं घड्याळ, शिवणाचं मशीन, पाण्याच्या हापश्याचा दांडा, सगळ्यांच्या आत त्या जाऊन आल्या होत्या. उघडलेली प्रत्येक वस्तू पुन्हा चालूच होत असे असं मात्र नाही. घड्याळ त्यानंतर कायम पुढं धावायचं. शिपाई त्याच घड्याळावर घंटा द्यायचा, आणि शाळा लवकर सुटत असल्यामुळे आमच्यापैकी कुणी तक्रार केली नाही.

लग्नाच्या पंगतीला बाई आल्या की आचारी पाठ फिरवून उभा राही. पानावर बसण्याआधी त्या चुलवणाजवळ जाऊन उभ्या राहत. वड्याच्या रश्शात काय काय घातलं, कधी घातलं, खसखस भाजली की कच्चीच वाटली, हे सगळं विचारून घेत आणि मगच जेवत. स्वतःला मात्र साधं वरण धड करता येत नसे. त्यांच्या हातचं वरण एकदा मी खाल्लं आहे. त्याच्या आत काय होतं ते मी विचारलं नाही.

त्यांची शिक्षा करायची पद्धतही न्यारीच होती. छडी नाही, अंगठे धरणं नाही. उशिरा आलेल्या मुलीला त्या एक किल्ली हरवलेलं कुलूप देत. वर्गाबाहेर बसायचं आणि ते उघडायचं. उघडलं की आत यायचं. मला पहिल्यांदा कुलूप मिळालं तेव्हा मी ते आधी ओढलं, मग दगडावर आपटलं, मग रडले. बाई बाहेर आल्या, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "रडून राह्यली काऊन? ते काय देव हाये का, नवसाले पावाले? माणसानंच केलं ना ते? मंग माणसाले उघडते." दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम उशिरा जाऊ लागले. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी मला कुलपं देणं बंद केलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

"बंद डब्याच्या पाया पडायचं नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलीनं पाठांतर केलेलं उत्तर धडाधड म्हणून दाखवलं की त्या हेच म्हणत. कुणी नवं मनगटी घड्याळ दाखवायला आलं तरी हेच.

आता आमच्याकडच्या भुलाबाईबद्दल सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुलींची भुलाबाई बसते, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती मांडतात. रोज संध्याकाळी टिपऱ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि गाणी संपली की खिरापत. पण ती अशी हातावर मिळत नाही. घरातली बाई झाकण लावलेला डबा आणते, मुलींनी तो कानाशी नेऊन हलवायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. प्रश्न विचारायची मुभा असते. ओली का कोरडी? गोड का तिखट? घरातली बाई एका शब्दात उत्तर देते, जास्त काही सांगत नाही. ओळखू आलं नाही तर सगळ्यांनी "हारलो" म्हणायचं, मग डबा उघडतो.

यात माझा हात कुणी धरत नसे. माझ्या वडिलांचं देवळाच्या वाटेवर प्रसादाचं दुकान होतं. फुटाणे, मुरमुरे, साखरेची चिरंजी, पेढे यांच्यातच मी वाढले. फुटाणा साल काढलेला आहे की सालासकट, हे मी डब्याच्या आवाजावरून सांगायची. बाईंनी शाळेतही भुलाबाई बसवायला सुरुवात केली होती, पण त्यांच्या डब्यात खायचं कधी सापडेल याचा नेम नसे. एकदा नटबोल्ट निघाले. एकदा टॉर्चचा संपलेला सेल. एकदा मी "नुसते फुटाणे" म्हणाले तर बाई म्हणाल्या, "हारली." फुटाण्यांत त्यांनी चिंचोका टाकला होता. मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही.

मी आठवीत होते त्या वर्षी शाळेला रेडिओ घ्यायचा ठरला. गावातल्या लोकांनी वर्गणी दिली होती. शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक होते, माणूस शब्दाचा पक्का पण नव्या गोष्टीला बिचकणारा. त्यांनी अकोल्याच्या एका दुकानदाराला बोलावून घेतलं. तो चकचकीत सेटची चित्रं घेऊन आला. दर्शनी भाग हस्तिदंती, आत हिरवा दिवा. कमिटी त्या चित्रांवर इतकी खूश झाली की बैठकीतला चहा गार झाला.

बाई म्हणाल्या, तयार सेट घ्यायचा नाही. सुटे भाग आणायचे, मुली जोडतील. उरलेल्या वर्गणीत विज्ञानाची खोली करायची आणि नववीपासून मुलींना विज्ञान शिकवायचं.

खरी गोम इथंच होती. आमच्या शाळेत नववीपासून मुलींना गृहशास्त्र असे. विज्ञान पाहिजे असेल तर मुलांच्या शाळेत जावं लागे, आणि तिथं कुणाच्या घरचे पाठवत नसत. माझे वडील तर म्हणतच होते, "आठवी झाली म्हणजे लय झालं. गृहशास्त्र काय, घरी माय शिकवते." त्यांचं चुकत होतं असं मी तेव्हाही म्हणू शकत नव्हते. करंज्या करायला शिकण्यासाठी अकरावीपर्यंत आणखी तीन वर्षं शाळेत कशाला घालवायची? विज्ञान नाही म्हणजे माझी शाळा संपली, इतकं ते सरळ होतं.

हल्ली माझ्या ओळखीची पोरं कॉम्प्युटर तयार घ्यावा की भाग आणून जोडावा यावर तासन्‌तास वाद घालतात. कुठला स्वस्त, कुठला जास्त टिकेल. मी ऐकत असते आणि मला ती बैठक आठवते. अध्यक्षांचे मुद्दे हेच होते. कंपनीच्या मालाची हमी असते, बिघडला तर कंपनीचा माणूस येतो. बाई म्हणाल्या, "कंपनीचा माणूस येतो म्हणून तर नको. बिघडला त आमच्या पोट्ट्या पाहतीन."

"पोरींना विजेच्या वस्तूत हात घालायला लावता?" अध्यक्ष म्हणाले. "उद्या काही झालं म्हणजे?"

"एकच हात घालतीन. दुसरा पाठीमागं राहीन."

कुणाला काही कळलं नाही. अध्यक्षांनी शेवटी तोडगा काढला. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर मुलींचा रेडिओ गावासमोर वाजला, तर नववीत विज्ञान. नाही वाजला तर अकोल्याचा सेट, गृहशास्त्र, आणि हा विषय बाईंनी पुन्हा काढायचा नाही. दुकानदारानं त्या दिवशी आपला सेट घेऊन तयार राहायचं. बाईंनी लगेच हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी भुलाबाईच्या खिरापतीला त्यांनी डबा फिरवला आणि ज्या मुली शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिल्या त्यांना बाजूला काढलं. त्यात मी होते, आणि माझी मैत्रीण कुसुम होती. कुसुमला फुटाण्यातला नि शेंगदाण्यातला फरक कळत नसे, पण ती हारलो म्हणायला तयार होत नसे.

मग दिवाळीच्या आधीपासून आमचं काम सुरू झालं. भाग काही नागपूरहून पार्सलनं आले, काही बाईंच्या भावानं भुसावळहून पाठवले. तो रेल्वेत तारखात्यात होता. काचेचे, बल्बसारखे पाच व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून आले तेव्हा आम्ही ते तान्ह्या पोरासारखे हातात घेतले. बाईंनी पहिल्या दिवशी एकच नियम सांगितला. सेटमध्ये काम करताना डावा हात पाठीमागे, कमरेवर. दोन्ही हात आत गेले आणि चुकून वीज लागली, तर ती एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाते. एकच हात असेल तर झटका बसतो, पण माणूस वाचतो. हे त्यांनी इतक्या वेळा घोकून घेतलं की आम्ही नळावर पाणी भरतानाही एक हात मागे ठेवू लागलो. घरी आई म्हणायची, "पोरीच्या कमरीत काय भरलं वं?"

चुका किती झाल्या त्याला हिशेब नाही. तारा जोडताना कुसुमचे सोल्डरचे टाके सुरुवातीला बोराएवढे व्हायचे. एकदा सेट छान लागला आणि दुसऱ्या दिवशी एकदम खोल विहिरीतून आल्यासारखा आवाज येऊ लागला. आम्ही दोन दिवस सगळं उलटंपालटं केलं. शेवटी बाई गच्चीवर गेल्या, तर दोन बांबूंमध्ये ताणलेल्या एरियलवर आमच्या शिपायानं आपलं ओलं धोतर वाळत घातलं होतं. "एवढी चांगली दोरी रिकामी पडून राह्यली होती, बाई," तो म्हणाला. बाईंनी त्याला रागावण्याऐवजी खाली आणून सेटसमोर बसवलं आणि त्याच्या धोतरानं नागपूर केंद्राला कसं अडवलं ते समजावून सांगितलं. पुढं तो गावभर सांगत सुटला की रेडिओतला मोठा दोष आपणच दाखवून दिला.

पेटी गावातल्या सुतारानं केली. पुढच्या जाळीवर लावायला गृहशास्त्राच्या वर्गातल्या मोठ्या मुलींनी कापडावर कशिदा काढून दिला. त्यांच्या भुलाबाईतला मोर होता तो. तेव्हा रेडिओला लायसन लागे, ते काढायला बाई आम्हाला घेऊन पोस्टात गेल्या. पोस्टमास्तरांनी विचारलं, "कंपनी कोणती?"

"आठवी ब," बाई म्हणाल्या.

"ही कुठली कंपनी?"

"शेगावची. ह्या काय, मालक समोर उभ्या हायेत."

पोस्टमास्तरांनी बरंच डोकं खाजवलं आणि तसंच लिहून घेतलं. परत आल्यावर कुसुमनं पेटीवर पांढऱ्या रंगानं सुबक अक्षरांत लिहिलं : आठवी ब.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि सगळी मंडळी मैदानातल्या मांडवात बसली. पुढच्या खुर्च्यांवर कमिटी, मागे आमच्या घरचे. माझे वडील दुकान बंद ठेवून आले होते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. अकोल्याच्या दुकानदाराचा सेट बाजूच्या टेबलावर रेशमी फडक्याखाली होता. मधल्या टेबलावर आमचा, मोराचा. आदल्या दिवशी दुपारपर्यंत तो व्यवस्थित वाजत होता. नागपूर तर असं स्वच्छ लागायचं की शिपाई त्याच्यासमोर हात जोडून बसे.

मी बटण फिरवलं. आतले व्हॉल्व्ह हळूहळू लाल झाले. हलकी गुणगुण सुरू झाली. आम्ही वाट बघितली. मी काटा नागपूरवर नेला, पुढं नेला, मागं आणला. नुसती गुणगुण. मांडवात चुळबूळ सुरू झाली. माझ्या तळहाताला असा घाम सुटला की बटण निसटायला लागलं. मागून कुणीतरी म्हणालं, "पोरी बाप्पा ह्या, त्यायचा काय दोष." ते ऐकून मला रेडिओपेक्षा त्या माणसाचाच जास्त राग आला.

अध्यक्ष उठले. वाईट माणूस नव्हता तो, त्यांच्या चेहऱ्यावर खरंच दुःख होतं. "बाई, मुलींनी मेहनत केली, कौतुक आहे. पण म्हणूनच मी म्हणत होतो. आता नागपूरवरून दिल्लीचा कार्यक्रम सुरू होईल. लोक खोळंबले आहेत." त्यांनी दुकानदाराकडे बघितलं. दुकानदारानं रेशमी फडक्याला हात घातला.

बाई आमच्या टेबलापासून लांब, मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. एक हात पाठीमागे. त्या जागेवरून हलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "साहेब, वाजला पाहिजे असं ठरलं होतं. पह्यल्या झटक्याले वाजला पाहिजे असं नव्हतं ठरलं." आणि मग आमच्याकडे वळून, जणू कोजागिरीची संध्याकाळ आहे अशा आवाजात, "डबा बंद हाये पोरींनो. ओळखा."

ते शब्द कानावर आले आणि मी तळहात परकराला पुसले. हे मला येत होतं. आम्ही सेट आडवा केला, तळाची फळी काढली. मी डावा हात पाठीवर नेला. कुसुमनं पेटीवरच्या मोराला कान लावला, तिचाही हात मागे. मी पेचकसाचं टोक आवाजाच्या बटणाच्या टाक्याला लावलं.

"हाये का?"

"हाये," कुसुम म्हणाली. घुर्र आवाज सगळ्या मांडवाला ऐकू आला. म्हणजे तिथून पुढं, कर्ण्यापर्यंत, सगळं ठीक. उरला मागचा भाग. मी एक व्हॉल्व्ह मागे सरकले.

"हाये का?"

"हाये."

"आता?"

"हाये. टक करते."

मागच्या बायकांत एकदम कुजबूज झाली. पुरुषांना काही कळत नव्हतं, पण बायकांनी ओळखलं की या पोरी खिरापत ओळखताहेत. ओली का कोरडी, गोड का तिखट, एक-एक प्रश्न विचारत अर्धं अर्धं बाजूला टाकत चालल्या आहेत. कुणाची तरी म्हातारी आजी मोठ्यानं म्हणाली, "घाई नको करू वं, नीट इचार." मी पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत आले. टक. मग एरियलच्या टोकाला पेचकस लावला.

"आता हाये का?"

कुसुमनं कान आणखी घट्ट दाबला. तिनं मान हलवली. "नाई."

दोष एरियल आणि पहिला व्हॉल्व्ह यांच्या मधे होता. तिथं फक्त एक कॉइल असते, केसासारख्या बारीक तारेची. मी तिचं सुती आवरण पेचकसानं बाजूला केलं. आतली तार गायब होती. दोन टोकं होती आणि मधला बोटभर तुकडाच नव्हता. हे कसं झालं याचा विचार करायला तेव्हा वेळ नव्हता. तेवढी बारीक तार ऐन वेळी आणायची कुठून? आणि मग मला कुसुमच्या मनगटाकडे बघून हसू आलं. कॉइल गुंडाळून उरलेल्या तारेचा पीळ करून तिनं बांगडी केली होती. त्यावरून बाई तिला नटवी म्हणायच्या. शिपायानं सेट बंद करून सोल्डरचं अवजार तापवायला आधीच शेगडी पेटवायला घेतली होती, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. कुसुमनं बांगडी उलगडली, ब्लेडनं टोकं घासली, तापलेल्या अवजारानं दोन टाके दिले. तिळाएवढे. तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुरेख.

मी फळी लावली नाही. सेट तसाच उघडा ठेवून बटण फिरवलं. व्हॉल्व्ह लाल झाले, गुणगुण आली, आणि मग त्या मोराच्या पोटातून दिल्लीचा बँड असा काही बाहेर पडला की पुढच्या रांगेतला एक कमिटीवाला दचकून खुर्चीतून अर्धा उठला.

टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही. दुकानदार उठून आमच्याजवळ आला, वाकून टाके बघितले आणि म्हणाला, "काम सफाईदार हाये." आपला सेट न उघडताच त्यानं नेला. आणि माझे वडील, चारचौघांत कधी तोंड न उघडणारे, मागच्या रांगेतून उभे राहिले. "अध्यक्षसाहेब, मंग आता इज्ञानाचा वर्ग कधी सुरू करून राह्यले?" अध्यक्ष म्हणाले, "शब्द दिला आहे. जूनपासून." वडील खाली बसले आणि उपरण्यानं तोंड पुसू लागले. उन्हाळा अजून लांब होता.

जूनपासून वर्ग सुरू झाला. पुढं मी खामगावच्या कॉलेजात मुलांना फिजिक्स शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. कुसुम जळगाव जामोदला दिली. तिच्या नवऱ्याच्या शेतातली मोटार आजही तीच उघडते. आठवी ब शाळेत कितीतरी वर्षं वाजला, आणि दरवर्षीच्या नव्या मुलींनी तो उघडला. मला मात्र त्या गायब तुकड्यानं पुष्कळ छळलं. मला दुकानदाराचा संशय होता. कुसुम म्हणायची, उंदीर.

बाई निवृत्त होऊन मेहकरला परत गेल्यावर मी एकदा त्यांना भेटायला गेले. घरात सगळ्या वस्तू उघड्या. पंख्याला टोपी नाही, घड्याळाला पाठ नाही. बाई थकल्या होत्या, काजळाची भुवई अजून रोज काढत होत्या आणि आता ती बरीच वर जात असे. चहा झाला. निघताना त्यांनी कोनाड्यातून एक छोटा पितळी डबा काढून माझ्या हातात दिला. "ओळख."

मी हसून कानाशी नेला, हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. "ओली का कोरडी?"

"कोरडी."

"गोड का तिखट?"

"ते तू सांग."

मी बराच वेळ हलवत राहिले. देवळाच्या वाटेवरच्या दुकानात वाढलेला माझा कान, त्याला कणभर आवाज लागेना. "रिकामा हाये, बाई."

"हारली?"

"हारली."

मी झाकण उघडलं. आत बोटभर लांबीची, केसासारखी बारीक तांब्याची तार होती. दोन्ही टोकं कात्रीनं सरळ कापलेली.

मी तार बोटात उचलून बघितली. मग मी म्हणाले, "बाई, कुसुम म्हणायची का उंदरानं खाल्ली."

"उंदराले कात्री कोण देईन वं?" बाई म्हणाल्या. "आदल्या दिवशी संध्याकाळी मी कापली."

"काऊन पण? चांगला वाजून राह्यला होता."

"वाजला असता त लोकायनं टाळ्या रेडिओले वाजवल्या असत्या. म्हटले असते, कोण्या तरी मिस्तऱ्यानं करून देला असन. मले तुम्ही दिसाले पाह्यजे होत्या."

मला एकाएकी तो मांडव आठवला, रेशमी फडक्यावरचा हात, माझ्या तळहाताचा घाम. माझी अख्खी शाळा त्या बोटभर तारेवर टांगलेली होती, आणि ही बाई खांबाला टेकून उभी होती. इतक्या वर्षांनी मला रागच आला. "आन् आमाले नसतं सापडलं तर?"

बाईंनी माझ्याकडे त्या वर चढलेल्या भुवईनं पाहिलं, जसं सोमवारी प्रार्थनेत बघायच्या. "नसतं सापडलं? एवढ्या मोठ्या डब्यातून तू चिंचोका ओळखाले शिकली, आन् तार नसती सापडली?"

चिंचोका मला ओळखू आला नव्हता, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांची खात्री एवढी होती की त्यांना मी हरल्याचं आठवतच नव्हतं. सगळ्या जन्मात माझ्यावर कुणी एवढा भरवसा टाकलेला नाही. आईनं नाही, नवऱ्यानं नाही, मी स्वतः तर नाहीच. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदा धरून उभं केलं आणि डबा माझ्या पिशवीत टाकला.

आता बाई नाहीत. तो डबा माझ्या दिवाणखान्यात, सगळ्यांना दिसेल असा ठेवला आहे. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी तो हलवायला देते. सगळे म्हणतात, रिकामा आहे. मग मी त्यांना बसवते, चहा टाकते, आणि झाकण उघडते.